वहिनीचं नाक आणि माझा डिप्लोमा

आमची वहिनी रेडिओ हुंगायची. होय, हुंगायचीच. खरबूज घेताना आपण देठाकडून हुंगून पाहतो ना, तसं. गिऱ्हाइकानं रेडिओ टेबलावर ठेवला की मी पेचकस शोधेपर्यंत ती पदराला हात पुसत आतून यायची, रेडिओच्या पाठीमागच्या भोकांना नाक लावायची, डोळे मिटायची आणि निकाल देऊन मोकळी व्हायची. "मेण वितळलं हाय जी भाऊजी, कंडेन्सर गेला." नाहीतर, "वार्निश जळलं. ट्रान्सफॉर्मर पाहा." नाहीतर नुसतंच, "झुरळं." आणि पोळी तव्यावर आहे म्हणून आत पळायची. मग मी मीटर लावायचो, सर्किटचा नकाशा पसरायचो, अर्धा दिवस घालवायचो आणि शेवटी तिथंच पोचायचो, जिथं ती पोळी उलटण्याआधी पोचलेली असायची.

अशा बाईचा हेवा करू नये तर काय करावं माणसानं? मी केला. भरपूर केला. आता या वयात लपवून तरी काय मिळणार आहे?

आमचं घर गांधीबागेत, कापडाच्या ठोक दुकानांच्या मागच्या गल्लीत. पुढच्या खोलीत माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान, मागं घर, आणि मध्ये नुसता एक पडदा. माझ्या खुर्चीच्या वर भिंतीला माझा डिप्लोमा टांगलेला होता. पोस्टानं धडे मागवून, दोन वर्षं घासून मिळवलेला, सोनेरी बॉर्डरचा. मोठा भाऊ, म्हणजे दादा, सरकारी कचेरीत कारकून. त्याला साधा फ्यूज बांधता येत नव्हता. त्याचं लग्न झालं आणि कन्हानची ही वहिनी घरात आली. तिचे वडील कन्हानला लाऊडस्पीकर भाड्यानं द्यायचे. लग्न असो, गणपती असो, सभा असो. आई लवकर गेलेली, त्यामुळं ही लहानपणापासून बापाबरोबर ॲम्प्लिफायरच्या पेटीशेजारी बसून वाढली. शाळा सातवीपर्यंत. पण हातात सोल्डरिंगची तापलेली कावी धरली की टाक्याचा थेंब असा गोल, चकचकीत बसायचा की पाहत राहावं. माझा टाका पाहून ती म्हणायची, "बाप्पा! भाऊजी, हे काय शेण थापून राहिले?" हसत म्हणायची, मान्य. पण म्हणायची.

तिची आणखी एक खोड होती. रेडिओ आला की ती मला लगेच उघडू द्यायची नाही. "बोलू द्या ना जी त्याले आधी. आल्या आल्या काहून पोट फाडता?" मग तो खरखरणारा, कण्हणारा डबा सुरू करून ती पाच मिनिटं मान तिरपी करून ऐकत उभी राहायची. "सर्दी झाली हाय याले," असंही कधी म्हणायची. गिऱ्हाइकं खूश होऊन हसायची. त्यांना माझा मीटर दिसत नव्हता, नकाशा दिसत नव्हता, डिप्लोमा तर डोक्यावर असून दिसत नव्हता. "वहिनी हायेत का जी घरात?" असं विचारत लोक दुकानात येऊ लागले तेव्हा तर माझं डोकंच फिरलं. एकदा जेवताना मी ताटावर धुसफुसत होतो. दादा म्हणाला, "तू काहून जळून राहिला गा? घरचीच हाय ना ते." घरची आहे हेच तर दुखणं होतं. बाहेरचा कोणी असता तर त्याला नावं ठेवून झोप तरी आली असती.

कॅसेटचा जमाना नुकता सुरू झाला होता, तेव्हाची ही गोष्ट. धरमपेठेतल्या एक बाई दुकानात आल्या. निवृत्त मुख्याध्यापिका, पांढरं पातळ, करडा आवाज. त्यांच्यामागं हातगाडीवर एक रेडिओ होता. रेडिओ कसला, कपाटच ते. कमरेएवढं उंच, अक्रोडी रंगाचं लाकूड, खाली परातीएवढा स्पीकर, वर काचेची लांब डायल आणि तिच्या कोपऱ्यात तो हिरवा डोळा, स्टेशन नीट लागलं की बारीक होणारा. बाईंच्या यजमानांनी लग्नानंतर हौसेनं घेतलेला. यजमान गेले, त्यानंतर दहा-बारा वर्षं तो बंद पडून होता. स्पीकरवरचं कापड उंदरांनी खाल्लेलं. आता मुलानं मस्कतहून कॅसेटचा डेक पाठवला होता, आणि बाईंच्या कॉलेजातल्या नातीला त्या कपाटातून डिस्को ऐकायचा होता.

मी लगेच सांगितलं, "होऊन जाईल. आतलं सगळं काढतो, ट्रान्झिस्टरचं नवं किट बसवतो. आठ दिवसांत घेऊन जा." तेव्हा सगळे तेच करायचे. जुन्या रेडिओचं पोट रिकामं करायचं, आतले काचेचे व्हॉल्व कबाडीवाल्याला द्यायचे आणि वरची लाकडी शोभा ठेवायची.

पडदा हलला. वहिनी आली. कपाटाच्या मागं उकिडवी बसली, नाक लावलं, बराच वेळ उठलीच नाही. मग म्हणाली, "जीव हाय जी याच्यात. व्हॉल्व चांगले असतीन. मारून काहून टाकता?"

बाईंनी माझ्याकडं पाहिलं नाही, तिच्याकडं पाहिलं. "तुम्ही म्हणता तसंच करा," त्या म्हणाल्या. "मला आवाज तोच हवा आहे. त्याच आवाजात नातीच्या कॅसेट वाजू द्या." दुकान माझं, डिप्लोमा माझा, आणि 'तुम्ही' कोण? तर हातात लाटणं धरलेली आमची वहिनी! मी हसून मान डोलावली. आतून नुसता होरपळत होतो.

पुढचे तीन आठवडे त्या कपाटानं माझं दुकान व्यापलं आणि वहिनीनं कपाट. स्वयंपाक आटोपला की ती यायची. मेण गळलेले सगळे कागदी कंडेन्सर तिनं एकेक करून बदलले. डायलची तुटलेली दोरी तिनं अशी ओवली, की मी तीनदा प्रयत्न करून सोडून दिलेलं काम तिच्या हाताखाली जागेवर बसलं. स्पीकरच्या कागदी पडद्याला चीर गेली होती. तिथं तिनं संक्रांतीच्या पतंगाचा कागद डिंकानं चिकटवला, आतून-बाहेरून, इतका हलका की बोट फिरवलं तरी लागत नव्हतं. मी काय करत होतो? मी तिला सामान देत होतो. कधी मुद्दाम उशिरानं देत होतो, तेही सांगून टाकतो.

स्पीकरवरच्या कापडाचा किस्सा तर गांधीबागेत कित्येक दिवस चालला. मी जरीचं कापड मनात धरलं होतं, लाल मखमली काठाचं. आम्ही दोघं समोरच्या ठोक दुकानात गेलो. शेठनं गठ्ठे उलगडले. वहिनीनं प्रत्येक कापडाचं टोक तोंडासमोर धरलं आणि फूऽऽ करून फुंकर मारली. पलीकडं तळहात धरलेला. शेठ बघतच राहिला. "भाभी, ये क्या कर रही हो?" वहिनी म्हणाली, "हवा किती जाते ते पाहून राहिली. हवा अडली तं आवाज अडन ना शेठजी." माझं जरीचं कापड पहिल्याच फुंकरीत नापास झालं. तिनं साधं, विरळ विणीचं, बदामी रंगाचं कापड निवडलं, आणि ते त्या लाकडाला असं शोभलं की मला दोन दिवस बोलावंसं वाटलं नाही.

कपाट पहिल्यांदा बोललं तेव्हा दुपार होती. व्हॉल्व हळूहळू तापले, हिरवा डोळा उघडला आणि कोणाचं तरी शहनाईवादन खोलीभर पसरलं. अहाहा! काय तो आवाज! गल्लीतले हमाल डोक्यावरचे गठ्ठे घेऊन दारात थबकले. वहिनीनं तोंडाला पदर लावला होता. ती रडत होती की हसत होती, कळलं नाही. मला मात्र एकच विचार आला, की हा आवाज माझ्या हातानं काढलेला नाही.

राहिली कॅसेट. रेडिओच्या मागं ग्रामोफोन जोडण्यासाठी दोन भोकं होती. त्यातून डेकचा आवाज आत सोडायचा ही कल्पना माझी. हो, माझी. एवढं तरी माझ्या नावावर राहू द्या. मी वायर तयार केली, पण वहिनीनं माझा हात धरला. "थांबा जी. याच्यात मेनचा ट्रान्सफॉर्मर नाही. भिंतीतली एक तार सरळ याच्या लोखंडी सांगाड्याले जोडली हाय. प्लग उलटा बसला तं सांगाड्यात करंट येते, अन् तुमच्या वायरीतून थेट डेकच्या पत्र्यात. त्या पोट्टीनं हात लावला तं?"

जुन्या काळी असे रेडिओ असायचे, दोन्ही तऱ्हेच्या विजेवर चालणारे. माझ्या धड्यांत ते होतं, मी पाठही केलं होतं. पण एवढ्या मोठ्या कपाटात तसलं काही असेल असं मला वाटलं नव्हतं, आणि तिनं सांगितल्यावर तर मुळीच वाटून घ्यायचं नव्हतं. तिनं वडिलांच्या माइकच्या पेटीतला काड्यापेटीएवढा एक ट्रान्सफॉर्मर आणला आणि वायरीच्या मध्ये बसवला. त्या डबीतून आवाज पलीकडं जाणार, वीज जाणार नाही. सगळं खरं. फक्त त्या डबीमुळं कॅसेटचा खर्ज थोडा पातळ झाला. मला तेवढंच पुरलं.

रेडिओ पोचवायच्या दिवशी तिच्या वडिलांना बरं नाही म्हणून वहिनी सकाळीच कन्हानला गेली. मी दुकानात एकटा. मी रेडिओ सुरू केला आणि सांगाड्याला टेस्टर लावला. दिवा लागला नाही! पुन्हा लावला. नाहीच. सांगतो, डिप्लोमा पोस्टानं आला त्या दिवशी झाला नव्हता एवढा आनंद मला झाला. वहिनी चुकली! नाक चुकलं! मी डबी काढली, खणात टाकली, वायर सरळ जोडली आणि कॅसेट लावली. ढोल असा घुमला की टेबलावरचे स्क्रू नाचले. हे माझं काम, म्हटलं. प्लग दोन पिनांचा असतो, जसा सुलटा बसतो तसाच उलटाही बसतो, हे गल्लीतल्या पोरालाही कळतं. तो एकदा उलटा करून पाहायचं मला सुचलं नाही. खरं तर मला ते सुचू द्यायचं नव्हतं.

धरमपेठेत माझं स्वागत झालं. नातीनं कॅसेट लावली, मैत्रिणी नाचल्या, शेजारपाजारचे जमले. बाईंनी मग रेडिओ लावला आणि डोळे मिटून खुर्चीत बसल्या. "तोच आवाज," एवढंच म्हणाल्या. कोणीतरी विचारलं, हे केलं कोणी? मी म्हणालो, "मी." बाईंनी डोळे उघडले. "आणि तुमच्या वहिनी?" मी म्हणालो, "होत्या ना. झाडायला-पुसायला मदत झाली त्यांची." चिवडा खाऊन, चहा पिऊन मी छाती काढून घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तार शोधायला खण उघडला तर डबी नाही. घरात वहिनीही नाही. आदल्या संध्याकाळीच ती कन्हानहून परतली होती. दादा दाढी करत होता. "बर्डीवर जातो म्हणे भाजीले," तो म्हणाला. बर्डीवर! भाजी तर आमच्या दारात मिळायची. आणि बर्डी तर धरमपेठेच्या वाटेवर. दुकानात तसलाच एक जुना छोटा रेडिओ पडला होता. त्याचा प्लग लावला, टेस्टर टेकवला, दिवा नाही. प्लग काढला, उलटा करून लावला, टेस्टर टेकवला. लख्ख पेटला. मी खाली बसलो. नातीचा तो हात, बांगड्या घातलेला, डेकच्या पत्र्यावर ठेवलेला, मला समोर दिसायला लागला. उठून धावायला हवं होतं. तेही माझ्याच्यानं झालं नाही.

वहिनी दुपारी आली. हातात पिशवी, पिशवीत कोथिंबिरीची एक जुडी. पडद्यापाशी थांबली. "डबी लावून आली जी भाऊजी," ती म्हणाली, "पोट्टी चांगली हाय." आणि आत गेली. बस्स. ना रागावली, ना दादाला सांगितलं. मला वाटलं होतं ती भांडेल, मग मीही भांडेन, खर्जावरून काहीतरी बोलेन, मोकळा होईन. तिनं ती सोयसुद्धा ठेवली नाही.

मी काय समजलो ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. मी समजलो, हिनं बाईंना सगळं सांगितलं. भाऊजींनी डबी काढली, नात मरता मरता वाचली, रेडिओ मी दुरुस्त केला, सगळं. दुसरं काय सांगणार? मी असतो तर हेच सांगितलं असतं, वर दोन गोष्टी पदरच्या घातल्या असत्या. तेव्हापासून मी धरमपेठेतला तो रस्ताच टाकला. बाईंचा निरोप आला तर कामाचं निमित्त सांगायचो. पण तिकडून माणसं येऊ लागली, एकामागून एक. सगळ्यांकडं जुनी मोठी कपाटं, सगळ्यांना कॅसेट जोडून हवी. "बाईंनी पाठवलं," म्हणायचे. मला वाटायचं, पाठवलं ते वहिनीकडं. मी फक्त दारात बसलेला. असा जळफळाट व्हायचा की विचारू नका.

आणि मग मी एक काम केलं. पडदा काढला आणि तिथं प्लायवूडचं दार ठोकलं. कडी माझ्या बाजूनं. "रस्त्यावरची धूळ आत येते," म्हणून घरात सांगितलं. मी खिळे ठोकताना वहिनी पाहत होती. एक खिळा वाकडा गेला तर तिनंच पक्कड आणून दिली. त्यानंतर ती दुकानात कधी आली नाही. कपाटं मी एकट्यानं केली, तिच्याच पद्धतीनं, डब्या बसवून, कापडाला फुंकर मारून. शिकलो होतो की सगळं, जळत जळत का होईना. आतून कधीकधी तिची चाहूल लागायची. प्लायवूडच्या पलीकडं ती उभी राहून ऐकत असायची. मी आवाज कमी करायचो.

पाच-सहा वर्षांनी दादानं शहराबाहेर हुडकेश्वरला प्लॉट घेऊन दोन खोल्या बांधल्या. तेव्हा तिकडं नुसती वावरं होती. ती दोघं तिकडं गेली. जाताना ती म्हणाली, "येत जा जी भाऊजी, तिकडं रेडिओ खूब साफ लागन." मी गेलो, दिवाळीला, दसऱ्याला, पाहुण्यासारखा. रेडिओचं कधी बोललो नाही. मग एका उन्हाळ्यात तिला कावीळ झाली. निमित्त आठ दिवसांचं. आठव्या दिवशी ती गेली.

तेरवीच्या आधी बाई भेटायला आल्या. रिक्षा करून, काठी टेकत, धरमपेठेहून हुडकेश्वरला. मी मागच्या दारानं सटकणार होतो, पण दादानं हाक मारली, बसावं लागलं. बाई दादाशी बोलल्या, मग माझ्याकडं वळल्या.

"तुमच्यासारखा माणूस मी पाहिला नाही," बाई म्हणाल्या.

आता बोलतील, मी मान खाली घातली.

"रेडिओ आला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कामवालीनं झाडताना प्लग काढून पुन्हा लावला होता. नात म्हणत होती, आजी, या डेकला हात लावला की झिणझिण्या येतात. तेवढ्यात तुमच्या वहिनी दारात. घामाघूम. म्हणाल्या, 'भाऊजीनं धाडलं. एक सामान लावायचं राहिलं म्हणे, त्यायच्या जिवाले चैन नाही. ते सोता येत होते, पण दुकानात गिऱ्हाईक बसलं हाय.' मी तेव्हापासून ओळखीच्या प्रत्येकाला सांगत आले, काम द्यायचं तर ह्यांनाच द्या. चूक राहिली तर दुसऱ्या दिवशी घरी माणूस धाडणारा कारागीर आहे हा."

म्हणजे ती सगळी माणसं माझ्याकडं आली होती. माझ्या नावानं. आणि ते नाव तिनं त्या एका सकाळी, माझ्या चुकीवर उभं राहून, बाईंच्या दारात तयार केलं होतं. मी मात्र तिच्या नावावर जळून मध्ये प्लायवूड ठोकलं.

"बाई," मी म्हणालो, "मी धाडलं नव्हतं. ती डबी मीच काढली होती. तिनं बसवलेली. आणि तुमचा रेडिओही तिनंच केला, अथपासून इतिपर्यंत. मी सामान देत होतो."

दादा माझ्याकडं पाहत राहिला. "मले तं ते कधी काही बोलली नाही गा," तो म्हणाला, आणि डोळे पुसायला लागला.

त्या क्षणी मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. खरं सांगतो, लाज वाटते पण सांगतो, मला हेवा वाटला. तिच्या नाकाचा, तिच्या हाताचा वाटायचा तसाच, उलट त्याहून जास्त. टाके मी शिकलो, फुंकर मारायला शिकलो. पण हिच्या जागी मी असतो तर असं वागलो नसतो, सात जन्मांत नसतो, हे मला स्वच्छ दिसलं आणि छातीत जळजळलं. दादाच्या घरून निघालो, सायकल मारत वाटेतल्या मानेवाड्यापर्यंत आलो, तरी ती जळजळ जाईना. मग रस्त्याच्या कडेला सायकल उभी केली आणि पोरासारखा रडलो.